निळ्या कव्हरातला पासपोर्ट

१

किसनरावांचा पासपोर्ट हरवल्याचं कळलं तेव्हा, खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. नंतर लाज वाटली. पण आधी बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

आमच्या समोरच्या फ्लॅटातलं जोगदंड कुटुंब त्या बुधवारी श्रीलंकेला निघालं होतं. नागसेन चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्स मॅनेजर. त्याची बायको मिनल आयटीआयमध्ये शिकवते. मुलगी निशिगंधा नववीत. आणि नागसेनचे वडील किसनराव, ज्यांना घरचे अण्णा म्हणतात. सिगिरियाचा बाराशे पायऱ्यांचा खडक, दांबुल्लाची लेणी, कितुलगलाला नदीतलं रॅफ्टिंग आणि शेवटी अनुराधपूरचा बोधिवृक्ष, असा आठ दिवसांचा बेत. महिनाभर मी लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी हेच ऐकत होते. माझा मुलगा गणराज कॅनडात असतो. 'पुढच्या उन्हाळ्यात तुला नेतो' असं तो पाच उन्हाळे म्हणतोय.

तर त्या सकाळी दहाच्या सुमाराला मी वाटेत खायला म्हणून चिवड्याचा डबा घेऊन गेले. दार उघडंच होतं. मिनल डायनिंग टेबलापाशी उभी होती आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"काकू, हे बघा."

मिनलने चौघांच्या पासपोर्टांना चार रंगांची रेक्झिनची कव्हरं घातली होती, म्हणजे कोणाचा कुठला ते न उघडता कळावं. अण्णांचं निळं. तिने व्हिसाचा कागद घडी करून आत ठेवायला म्हणून निळं कव्हर उघडलं, तर आत अण्णांच्या जागी नागसेन होता. दहा-बारा वर्षांपूर्वीचा, भरगच्च मिशी असलेला. पासपोर्टाचा एक कोपरा कापलेला, वर 'रद्द' असा शिक्का.

"हा माझा जुना पासपोर्ट आहे," नागसेन म्हणाला. "थायलंडला ट्रेनिंगला गेलो होतो तेव्हाचा. पण अण्णांचा कुठंय?"

चार वाजता मुंबईला न्यायला गाडी येणार होती. म्हणजे हातात सहा तास.

घर उलटंपालटं झालं. निशिगंधा पलंगाखाली शिरली, नागसेनने कपाटातले सगळे कपडे जमिनीवर फेकले, मिनलने बांधलेल्या बॅगा सोडल्या. एकटे किसनराव बाल्कनीतल्या खुर्चीत, दोन्ही हात काठीवर ठेवून बसले होते.

"तुमी जा सगळे," ते शांतपणे म्हणाले. "माझं काय, गुडघा तसाबी दुखायलाय."

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. वर्षभर विहारात सगळ्यांना सांगत होता की मरायच्या आधी तो बोधिवृक्ष डोळ्यांनी बघणार. आणि आता ज्याचं हरवलं होतं तोच एकटा शोधत नव्हता.

२

चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं इन्स्पेक्शनच्या टेबलावर काढली. पार्ट नापास झाला की तो कुठल्या मशीनवर, कुणाच्या हातून बिघडला हे शोधणं माझं काम. रिटायर झाल्यावर सोसायटीच्या पंपाची तांब्याची वायर कोण कापून नेतं ते मीच शोधलं होतं. म्हणून मिनलने माझा हात धरला.

"काकू, तुम्हीच बघा. पोलिसांत गेलं तर आजचा दिवस गेलाच."

मी टेबलाशी बसले. आधी साध्या गोष्टी विचारल्या.

"हे चारही पासपोर्ट बरोबर आहेत, असं शेवटचं कधी पाहिलंस?"

"सोमवारी संध्याकाळी. सगळ्यांच्या झेरॉक्स काढल्या. स्वतः उघडून पाहिले. मग पाऊच आमच्या बेडरूमच्या कपाटात ठेवला. काल रात्री कव्हरं मोजली, चार होती. उघडली नाहीत."

"काल घरात कोण कोण होतं?"

"नागसेन पहिल्या शिफ्टला, मी आयटीआयमध्ये, निशू शाळेत. अण्णा दिवसभर घरीच होते. आणि संध्याकाळी... तुम्हाला माहितीच आहे."

संध्याकाळी निरोपाचा छोटा कार्यक्रम झाला होता. मीही होते. त्रिसरण-पंचशील झालं, खीर झाली. बाहेरचे असे दोघंच: किसनरावांचे जुने सोबती भीमराज वाव्हळ आणि धाकटी सून स्वरूपा. धाकटा मुलगा धम्मरत्न आला नव्हता. दीड वर्षापूर्वी दोघा भावांचं मोठं भांडण झालं आणि नागसेन चिखलीचं घर सोडून बायको-मुलीसह इथे चिंचवडला राहायला आला. आठ महिन्यांपूर्वी अण्णाही इकडे आले, कारण इथे लिफ्ट आहे.

"नागसेन, हा जुना पासपोर्ट कुठे होता इतकी वर्षं?"

"चिखलीला. आईच्या ट्रंकेत. आम्ही तिथून निघालो ते अंगावरच्या कपड्यांनिशी. कागद सगळे तिथेच राहिले." मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याचा आवाज चढला. "म्हणजे स्वरूपा! काल खिरीचं निमित्त करून ती याच्यासाठीच आली होती!"

"थांब जरा."

"थांबू काय काकू? पहिल्यापासून जळते ती आमच्यावर. मी चौकीत जाऊन तिच्या नावाने तक्रार देतो."

"दे. पण बारा वाजेपर्यंत थांब. मग मी स्वतः येईन तुझ्याबरोबर."

तो पाय आपटत आत गेला. बाल्कनीतून किसनराव आमच्याकडे बघत होते. स्वरूपाचं नाव ऐकून त्यांच्या हातातली काठी खाली पडली.

३

मला एक गोष्ट खटकत होती. नुसता त्रासच द्यायचा असता तर पासपोर्ट उचलून नेणं सोपं होतं. रिकामं कव्हर लगेच हाताला लागलं असतं आणि सगळी सहल रद्द झाली असती. इथे कोणीतरी मुद्दाम आत जुना पासपोर्ट घालून कव्हर जाड ठेवलं होतं. म्हणजे चोरी विमानतळाच्या दारातच कळावी. तिथे कळलं असतं तर काय झालं असतं? तिघं गेले असते. अण्णा एकटे परत आले असते.

म्हणजे चोराला सहल मोडायची नव्हती. त्याला फक्त किसनराव मागे राहायला हवे होते.

हे ध्यानात आल्यावर मी पहिल्यांदा मिनलकडेच पाहिलं. स्वयंपाकघरात ती ओट्याला टेकून उभी होती.

"मिनल, मागच्या आठवड्यात तू जिन्यात फोनवर बोलत होतीस. मी कुलूप लावत होते, कानावर पडलं."

तिने मान खाली घातली. "मी म्हणाले होते की अण्णा नसते तर बरं झालं असतं."

"हो."

"मग ऐका आता पूर्ण. लग्नाला सोळा वर्षं झाली, काकू. मला यांनी कधी महाबळेश्वरला नेलं नाही. आणि वडिलांसाठी तीन महिने रात्र-रात्र बसून हॉटेलं शोधली. कुठल्या हॉटेलात खालच्या मजल्यावर खोली आहे, कुठल्या देवळात व्हीलचेअर मिळते. माझ्या आवडीचं एकच होतं, ते रॅफ्टिंग. तर म्हणाले, 'तू काठावर अण्णांजवळ बस.' मला हेवा वाटतो हो त्यांचा. सासऱ्याचा हेवा करणारी सून कधी पाहिलीत?"

ती रडली नाही. तिने ओटा पुसायला घेतला, आधीच स्वच्छ असलेला.

"पण तो पासपोर्ट मी घेतला असता तर कव्हर मीच उघडलं असतं का? गप्प बसून विमानतळावर गेले असते ना?"

हे बरोबर होतं. शिवाय जुना पासपोर्ट तिच्याकडे असण्याचा प्रश्नच नव्हता. दीड वर्षात तिने चिखलीत पाऊल टाकलं नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात भीमराज वाव्हळ उभे होते, हातात केळ्यांचा घड. "जय भीम," ते म्हणाले आणि पसरलेलं घर पाहून त्यांनी विचारलं, "काय झालं? किसनचं जाणं रद्द झालं का?"

आणि मला शपथेवर सांगता येईल की त्यांच्या आवाजात आशा होती.

४

भीमराज आणि किसनराव एकाच कंपनीत, एकाच शॉपमध्ये, म्हणजे यंत्रांच्या विभागात, एकतीस वर्षं शेजारी-शेजारी उभे राहिलेले. एकाच दिवशी रिटायर झाले. मी भीमराजांना लिफ्टपाशी घेऊन गेले आणि आडवळण न घेता विचारलं.

"काल तुम्ही आतल्या बेडरूममध्ये गेला होता. मी पाहिलं."

"गेलो होतो. नागसेनच्या आईचा, सरूवहिनींचा फोटो आत लावलाय, त्याला हात जोडायला. का?"

मी कारण सांगितलं. ते भिंतीला टेकले.

"अनुराधपूरला आम्ही दोघं जाणार होतो, बाई. शॉपमध्ये जेवायच्या सुट्टीत ठरवलेलं. तीस वर्षं ठरवतच राहिलो. मग एक दिवस किसन येतो आणि म्हणतो, नागसेननं माझं तिकीट काढलं. माझं! तोंडदेखलं सुद्धा 'तू पण चल' म्हणाला न्हाई." त्यांनी केळ्यांचा घड एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "काल खीर घशाखाली उतरली न्हाई माझ्या. घरी जाऊन मी भिंतीकडं तोंड करून झोपलो. पण चोरी? आणि नागसेनचा जुना पासपोर्ट मला कुठनं मिळणार?"

तेही खरं होतं. ते आत गेले होते, पण त्यांच्याकडे जुना पासपोर्ट नव्हता.

मग मी स्वरूपाला फोन लावला. ती कुदळवाडीत एका पॅकिंगच्या युनिटमध्ये काम करते. मशीनच्या आवाजात तिला ओरडून बोलावं लागत होतं. पासपोर्टाचं ऐकताच ती म्हणाली, "आणि नाव माझं घेतलं असेल ना? घेऊ द्या. मी जळते, नाही कुठं म्हणते? मिनलताईनं निशूला नदीसाठी पोहण्याचे कपडे आणलेत, ते मला काल तीनदा दाखवले. आठ तास उभं राहून माझे पाय सुजतात, आणि त्या डोंगर चढायला बूट घेतात! पण काकू, काल मी तुमच्या शेजारीच बसले होते. उठले का मी एकदा तरी?"

ती उठली नव्हती. मला पक्कं आठवत होतं. दोन्ही हातांत खिरीचं पातेलं घेऊन आली, पर्ससुद्धा नव्हती, आणि दिवाणाच्या कडेवर अवघडून बसली. मिनलने तिला एकदाही 'आत ये' म्हटलं नव्हतं.

"तुमच्या घरी कोणी आलं होतं का काल?"

"मी सहापर्यंत कामावर. तिथून थेट घरी जाऊन पातेलं घेतलं आणि तिकडं आले. एक गंमत झाली मात्र. घरी गेले तर वरच्या खोलीतली खाट उन्हात टाकलेली. गादी झटकलेली. आधी अण्णा झोपायचे ती. म्हटलं, कोण येणारंय? तर हे गप्प. लेथ मशीनवर मान खाली."

फोन ठेवला तेव्हा साडेअकरा वाजले होते. ज्यांना आत जाता आलं त्यांच्याकडे जुना पासपोर्ट नव्हता. जिच्या घरी जुना पासपोर्ट होता, ती आत गेलीच नाही. हिशोब कुठेच बसत नव्हता.

आत नागसेन पायात बूट घालत होता. "बारा वाजत आलेत, काकू."

५

टेबलावर निळं कव्हर तसंच पडलं होतं. मी ते उचललं आणि सवयीने नाकाशी नेलं. इन्स्पेक्शनमध्ये आम्ही पार्ट आधी डोळ्यांनी बघायचो, मग बोटांनी, आणि कधीकधी वासाने.

कव्हराच्या आतल्या खिशात आंबूस, तेलकट वास होता. मशीनवर धातू कापताना जे दुधासारखं पाणी सोडतात, त्या कूलंटचा. अठ्ठावीस वर्षं तो वास माझ्या साड्यांना यायचा. साबणाने हात धुतले तरी तो नखांत राहतो.

नागसेन मॅनेजर. तो आता मशीनला हात लावत नाही. भीमराजांना रिटायर होऊन चौदा वर्षं झाली. स्वरूपा खोके बांधते. रोज कूलंटमध्ये हात घालणारा या घरातला एकच माणूस होता: चिखलीत स्वतःचा लेथ चालवणारा धम्मरत्न. पण त्याने तर दीड वर्षात या फ्लॅटचा उंबरा ओलांडलेला नव्हता.

तो इथे आला नाही, तर मग पासपोर्टच त्याच्याकडे गेला असला पाहिजे.

मी हॉलमध्ये उभ्या बॅगांकडे पाहिलं. अण्णांची छोटी तपकिरी बॅग सगळ्यात जुनी. तिचं एक चाक काळं होतं, दुसरं पांढरं.

"मिनल, हे चाक कधी बदललं?"

"मागच्या आठवड्यात तुटलं होतं. हे म्हणाले नवी बॅग घेऊ. अण्णा नको म्हणाले. काल मी घरी आले तर म्हणाले, 'स्टेशनजवळच्या दुकानातून बसवून आणलं मी.' तेवढेच काय ते बाहेर गेले होते."

मी बॅग आडवी केली. दुकानातलं चाक साच्यातून काढलेलं असतं, मध्ये जोडाची रेघ दिसते. हे नायलॉनच्या कांबीतून लेथवर कातलेलं होतं. मध्ये आसाभोवती पितळेचं बुश, म्हणजे कडी, बसवलेलं, कडा घासून गोल केलेल्या, हाताला कुठे टोचत नव्हतं. मी ते फिरवलं. आवाज न करता ते कितीतरी वेळ फिरत राहिलं. गिऱ्हाइकाच्या बॅगेला असलं चाक कुणी बनवत नाही.

मी बाल्कनीत जाऊन किसनरावांच्या शेजारी बसले. मागचं दार ओढून घेतलं.

"किसनभाऊ, काल दुपारी तुम्ही चिखलीला गेला होता."

त्यांनी काठीची मूठ घट्ट धरली.

"बॅग घेऊन रिक्षाने गेलात. आणि पासपोर्टांचा पाऊच पण बरोबर नेलात."

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या पाया पडतो. बोलू नका. मी ऱ्हातो इथं. आठ दिवस काय, निघून जातील."

"आणि नागसेन आता स्वरूपाच्या नावाने तक्रार द्यायला निघालाय, त्याचं काय?"

त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी सांगितलं. जायच्या आधी धाकट्याला भेटावं असं फार वाटत होतं, पण नागसेनला सांगायची चोरी. चाकाचं निमित्त मिळालं. धम्मरत्नने हातातलं काम बाजूला ठेवून चाक कातायला घेतलं. "मी स्टुलावर बसून बोलत ऱ्हायलो. पासपोर्ट दाखवला, माझा फोटो दाखवला. नागसेननं हे केलं, नागसेननं ते केलं, विमानात खिडकीची जागा घेतली... तास-दीड तास. मला आनंद झाला होता हो. कुणाला सांगू तर त्यालाच सांगितलं. तो हां-हां करत ऱ्हायला. एकदाबी वर बघितलं न्हाई त्यानं. मग मला म्हणाला, अण्णा, वर जाऊन तोंड धुवून या, चहा टाकतो."

"आणि पाऊच खालीच राहिला."

त्यांनी मान हलवली. "आज सकाळी ते जुनं पुस्तक बघितलं, तवाच समजलं मला."

६

नागसेनला मी म्हटलं, "अजून दीड तास दे. दीड वाजेपर्यंत पासपोर्ट आला नाही, तर तक्रार मी लिहून देते." तो काहीतरी म्हणणार होता, पण किसनरावांनी आतून हाक मारली, "नागसेन, बाईंचं ऐक." त्या आवाजात काय होतं कोण जाणे, तो मुकाट्याने बसला.

मी स्कूटी काढली आणि स्पाईन रोडने चिखली गाठली. मी मूळची चिखलीचीच. जिथे आमचं ज्वारीचं रान होतं तिथे आता पत्र्याच्या शेडमागे शेड आहेत. धम्मरत्नचं वर्कशॉप अशाच एका गल्लीत, खाली लेथ आणि वर दोन खोल्या. तो मशीनवर वाकलेला होता. मला पाहून त्याने मशीन बंद केलं. मी काही बोलायच्या आधीच त्याच्या खांद्यांवरून कळलं की तो सकाळपासून कुणाची तरी वाट बघत होता.

"इतक्या लवकर कळलं?" तो म्हणाला.

"मिनलने कव्हर उघडलं. तुझा भाऊ स्वरूपाला चौकीत खेचायला निघालाय."

हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याने चिंध्यांच्या गोळ्याने हात पुसले, पुसतच राहिला.

"ती त्यात कुठंच न्हाई, काकू."

"मला ठाऊक हाय," मी म्हटलं. चिडले की माझ्या तोंडी माहेरची बोली येते. "पण तुला काय दुर्बुद्धी झाली रं? बाप म्हातारा हाय. पुढच्या वर्षी गुडघा चालंल का न्हाई, सांगता येत न्हाई. त्याचं एवढं एक मागणं, आणि तू..."

"आईचं आजारपण मी काढलं," तो म्हणाला. आवाज अजिबात चढवला नव्हता त्याने. "वायसीएम हॉस्पिटलात चार महिने. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी करवलं. बारा वर्षं ते माझ्याजवळ होते. दादा त्याच घरात, पण महिन्यातून एकदा अण्णांजवळ बसायचा, मिठाई घेऊन. मग त्यानं फ्लॅट घेतला, लिफ्ट आहे म्हणाला, आणि अण्णा गेले. ठीक आहे, पायऱ्या चढवत नव्हत्या त्यांना. पण काल इथं बसून दीड तास, काकू... दीड तास! एकदा तरी म्हणावं, धम्मा, तुझं कसं चाललंय. माझ्या हातात त्यांच्याच बॅगेचं चाक होतं."

"चाक मात्र चांगलं केलंस."

"ते त्यांचं होतं ना." त्याने नजर वळवली. "ते वर गेले. पाऊच इथंच पडलेला. आईची ट्रंक या कोपऱ्यात आहे. मला वाटलं, ही सगळी जातील फिरायला आणि अण्णा विमानतळावरून परत येतील. एकटे चिंचवडला कसे राहतील? मग इकडेच येतील. आठ दिवस. परत देणारच होतो मी."

"खाट पण उन्हात टाकलीस."

ट्रंक उघडून त्याने पासपोर्ट काढला. स्वच्छ कागदात गुंडाळून ठेवला होता. मला द्यायला हात पुढे केला. मी घेतला नाही.

"मी न्हाई नेणार. तू चल."

७

सव्वा वाजता आम्ही दोघं फ्लॅटमध्ये शिरलो. धम्मरत्नच्या अंगावर कामाचेच कपडे होते. हॉलमध्ये सगळे उभे राहिले. भीमराजही अजून गेले नव्हते.

"मी घेतला होता," धम्मरत्न म्हणाला. "स्वरूपाला काही माहीत न्हाई."

नागसेन त्याच्यावर धावून गेला. मिनलने मध्ये पडून त्याचा हात धरला. "एवढा जळतोस?" नागसेन ओरडला. "मी बापाला नेतोय, ते पण बघवत नाही तुला? अरे, तुला काय कमी केलं आम्ही?"

"तुझ्याबद्दल न्हाईच ते," धम्मरत्न म्हणाला.

किसनराव काठी टेकत बाल्कनीतून आत आले. नागसेन बाजूला झाला. म्हातारा धाकट्यासमोर उभा राहिला आणि त्याच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता एक थोबाडीत बसणार.

"मला ऱ्हा म्हणाला असतास," किसनराव म्हणाले, "तर मी ऱ्हायलो असतो रे."

"म्हणूनच म्हणालो न्हाई, अण्णा."

निशिगंधा आपल्या आईला चिकटून उभी होती. भीमराज खिडकीकडे तोंड करून नाक पुसत होते.

"मग ऐक," किसनराव म्हणाले. "मी जाणार हाय. मला तो बोधिवृक्ष बघायचाय. तू चोरलास म्हणून ऱ्हाणार न्हाई, आणि तुला वाईट वाटतंय म्हणूनबी ऱ्हाणार न्हाई. काल मी चुकलो. तुझ्यासमोर बसून तुझं काहीच इचारलं न्हाई. ते आता इचारीन. गाडी चारला यायलीय. तूबी चल मुंबईपर्यंत."

"अण्णा, याला गाडीत?" नागसेन म्हणाला.

"मग मी यष्टीनं जातो त्याच्यासंगट. तुमी या गाडीनं."

नागसेनने दोन्ही हात वर केले आणि तो आत निघून गेला. मिनलनेच मग धम्मरत्नला ताट वाढलं. स्वरूपाला फोनही तिनेच केला. काय बोलली ते कळलं नाही, पण बराच वेळ बोलत होती.

चार वाजता गाडी आली. सगळ्यात मागच्या सीटवर बॅगांच्या शेजारी बाप आणि धाकटा मुलगा बसले. भीमराज आणि मी फाटकापर्यंत गेलो. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर भीमराज म्हणाले, "किसन मला म्हणाला, परत आलो की तुझ्यासंगट पुन्हा जाईन. खोटं बोलला. दोनदा कोण जातंय? पण बोलला तरी." आणि ते बसस्टॉपकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी धम्मरत्न माझ्याकडे आला. रिकाम्या गाडीतून तो पहाटे परतला होता. चहा घेताना मी विचारलं, "बोलला का नागसेन तुझ्याशी?"

"लोणावळ्यापर्यंत न्हाई. फूड मॉलला थांबलो तेव्हा म्हणाला, वडापाव खातोस का. एवढंच."

"आणि अण्णा?"

त्याने कप खाली ठेवला.

"चिंचवडहून निघाल्या निघाल्या अण्णांनी पासपोर्ट माझ्या हातात दिला. म्हणाले, माझ्या खिशातून पडंल, तू सांभाळ. दादानं आरशातून बघितलं, काही बोलला न्हाई. मी तो धरून बसलो, काकू. सगळा रस्ता. अण्णा माझ्या कामाचं विचारत होते, कुठल्या कंपनीचं काम आहे, मशीनचा बेल्ट बदलला का, आणि मला धड उत्तरं देता येईनात. पनवेल गेलं, वाशी गेलं. मला वाटत होतं, आता मागतील, आता मागतील. मागितलाच न्हाई त्यांनी. विमानतळाच्या दारात जवान उभा होता, तो प्रत्येकाचा पासपोर्ट बघून आत सोडत होता. दादा गेला, वहिनी गेली, निशू गेली. अण्णांचा नंबर आला. ते माझ्याकडं वळले आणि हात पुढं करून नुसते उभे राहिले. मागं लाईन थांबलेली."

"मग?"

"मग मी दिला," धम्मरत्न म्हणाला.